निलवंत: दिसतो फुलावर, जगतो पानावर

पावसाळा सरत आला की सह्याद्रीतल्या एखाद्या पायवाटेवर डोक्याच्या उंचीवरून अचानक काहीतरी मोठं, काळं-निळं सरकून जातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पक्षीच गेला. मग ते वळतं, उन्हाच्या कवडशात येतं आणि मागच्या पंखांवरचा फिकट निळा रंग क्षणभर लख्ख उजळतो. तोवर ते पुढच्या झाडाआड गेलेलंही असतं. हा निलवंत. इंग्रजीत याला ब्लू मॉर्मन म्हणतात, काही जण राणी पाकोळीही म्हणतात. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत तेव्हापासून हे फुलपाखरूही बसलं.

राज्य फुलपाखरू झाल्यापासून निलवंताचे फोटो सगळीकडे दिसतात आणि जवळजवळ सगळे फुलावरचे असतात. ते साहजिक आहे, फुलावर तो दिसतोच तसा देखणा. पण त्यामुळे एक गैरसमज मनात घट्ट बसतो की फुलपाखराचं सगळं आयुष्य फुलांवर चालतं. फुलं ही त्याची वाटेवरची पाणपोई. त्याचं घर म्हणजे पान, आणि तेही कुठलंही पान नाही. लिंबाच्या कुळातल्या मोजक्या झाडांचंच. निलवंत एखाद्या जंगलात आहे की नाही, टिकेल की नाही, शहरातल्या बाल्कनीत येईल की नाही, हे सगळं त्या पानावर ठरतं. म्हणून या लेखात फुलापेक्षा पानाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आधी ओळख करून घेऊ. पंख पूर्ण पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १२ ते १५ सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाला पुरून उरेल एवढा विस्तार. दख्खन आणि पश्चिम घाटातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांत याची गणना होते. पुढचे पंख मखमली काळे, त्यावर निळसर-राखाडी पट्ट्यांची एक तिरकी ओळ. मागच्या पंखांचा मुळाकडचा भाग काळा आणि उरलेला बहुतेक भाग फिकट निळा. त्या निळ्यावर काजळाचं बोट टेकवल्यासारखे काळे ठिपके. मादीचा काळा रंग थोडा तपकिरीकडे झुकतो आणि तिचा निळा नराइतका खुलत नाही. पंख मिटून बसलेला निलवंत पाहायला मिळाला तर पंखांच्या मुळाशी, अगदी अंगाजवळ, लाल डाग दिसतील. ते उडताना दिसत नाहीत, त्यामुळे अनेकांना ठाऊकच नसतात.

हा स्वॅलोटेल कुळातला. या कुळातल्या कितीतरी फुलपाखरांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखं टोक असतं, त्यावरून कुळाला हे नाव पडलं. निलवंताला मात्र शेपटी नाही. शास्त्रीय नाव पॅपिलियो पॉलिम्नेस्टर. १७७५ मध्ये पीटर क्रॅमर या ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याने ते दिलं. त्या काळी या मोठ्या फुलपाखरांना ग्रीक कथांमधल्या वीरांची आणि राजांची नावं देण्याची रीत होती, आणि पॉलिम्नेस्टर हा ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतला थ्रेसचा राजा. 'मॉर्मन' हे नाव वेगळ्याच वाटेने आलं. याचा जवळचा नातलग कॉमन मॉर्मन. त्याच्या माद्या वेगवेगळ्या रूपांत सापडतात, काही नरासारख्या, काही विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या. एका नराच्या इतक्या तऱ्हांच्या 'बायका' पाहून इंग्रजांना बहुपत्नीत्वासाठी ओळखला जाणारा मॉर्मन पंथ आठवला, असं सांगतात. निलवंताच्या मादीचं रूप एकच असतं. नाव त्याला केवळ नात्याने चिकटलं. मला विचाराल तर 'निलवंत' हेच नाव त्याला शोभतं.

जगाच्या नकाशावर याचा मुलूख फार मोठा नाही, भारत आणि श्रीलंका एवढाच. पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि पूर्व किनारा हा त्याचा मुख्य टापू. महाराष्ट्रात कोकण आणि घाटमाथ्यावरच्या जंगलांत तो हमखास भेटतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दिसतो, पुण्या-मुंबईच्या बागांतही येतो. वर्षभर कधीही दिसू शकतो, पण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याची चलती असते. पावसाने झाडांना कोवळी पालवी येते आणि अळीला ती लागते. म्हणजे पुन्हा पानच आलं.

पायाने चव घेणारी मादी

अंडी घालायला निघालेली मादी ओळखायला सोपी असते. ती फुलांकडे ढुंकून पाहत नाही. झुडपांच्या मधून, खालच्या उंचीवर, काहीशी अडखळत उडते. एका पानावर क्षणभर टेकते, उठते, दुसऱ्यावर टेकते, पुन्हा उठते. नीट पाहिलं तर टेकल्यावर तिचे पुढचे पाय पानावर भराभर आपटताना दिसतात, तबल्यावर बोटं वाजावीत तसे. ती त्या पानाची चव घेत असते.

फुलपाखराच्या पायांच्या टोकांवर बारीक केसांसारखे अवयव असतात आणि त्यांना चव कळते. पाय आपटल्याने पानाच्या पृष्ठभागावरची रसायनं त्या केसांपर्यंत पोचतात. हे नेमकं कसं चालतं याचा अभ्यास निलवंताच्या एका भावंडावर, पॅपिलियो झुथस या लिंबावरच वाढणाऱ्या फुलपाखरावर, जपानमध्ये बराच झाला आहे. तिथल्या संशोधकांना आढळलं की मादीला पटवायला एकच रसायन पुरत नाही, अनेक रसायनांचं मिश्रण लागतं. त्यातलं एक सिनेफ्रिन. २०११ मध्ये त्यांनी मादीच्या पुढच्या पायातलं सिनेफ्रिन ओळखणारं प्रथिन (रिसेप्टर) शोधून काढलं. त्या प्रथिनाचं जनुक गप्प केल्यावर सिनेफ्रिन लावलेल्या पृष्ठभागावर अंडी घालण्याची तिची इच्छा कमी झाली. म्हणजे हिरवं दिसलं की अंडं घालून मोकळी झाली, असा प्रकार नाही. कुलूप आणि किल्ली जुळल्याशिवाय दार उघडत नाही.

इतका चोखंदळपणा कशासाठी? त्याचं उत्तर पानाच्या आत आहे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनांनी लढतं. लिंबाचं पान चुरगळल्यावर जो घमघमाट सुटतो तो आपल्याला हवाहवासा वाटतो, पण मुळात ती किड्यांसाठीची तटबंदी आहे. या कुळातल्या झाडांत फ्युरॅनोकूमॅरिन नावाच्या रसायनांचा एक गटही असतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ही रसायनं जागी होतात आणि पेशीतल्या डीएनएला चिकटून बसतात. बहुतेक किड्यांना ती सोसत नाहीत. पॅपिलियो गणातल्या अळ्यांच्या शरीरात मात्र ही विषं मोडून निरुपद्रवी करणारी विकरं असतात. तटबंदी फोडायचं हे कसब ज्याच्याजवळ आहे त्याला आतली मेजवानी जवळजवळ एकट्याला मिळते, कारण वाटेकरी थोडे.

पण याची किंमतही असते. एका कुळाच्या रसायनांवर कसब मिळवलेल्या अळीला दुसऱ्या कुळाचं पान चालत नाही. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पानावर अंडं पडलं तर त्यातून निघालेली अळी अन्नाच्या ढिगावर बसून उपाशी मरेल. नुकती जन्मलेली अळी काही मिलिमीटरची असते. तिला दुसऱ्या झाडापर्यंत चालत जाता येत नाही. म्हणून निवड आईलाच करावी लागते आणि ती चुकून चालत नाही. पुढे आईची आणि पिल्लांची भेटही होत नाही. मुलांसाठी ती जे काही करते ते त्या पायांच्या टकटकीत करून जाते.

निलवंताच्या पसंतीची झाडं कोणती? जंगलात माकडलिंबू, किरमिरा आणि याच कुळातल्या आणखी काही झुडपं-वेली. माणसाच्या वस्तीत लिंबू, पपनस आणि त्यांचे भाऊबंद. माकडलिंबू आणि किरमिरा ही नावं शहरात फारशी कुणाला ठाऊक नसतात. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही झुडपं आहेत. त्यांना उंची नाही, इमारती लाकूड नाही, डोळ्यात भरणारी फुलंही नाहीत. जंगलातून चालताना आपण त्यांना नुसतं 'झुडूप' म्हणून पुढे जातो. राज्य फुलपाखराचा पाळणा त्यांच्यावर टांगलेला असतो, आणि हे कळल्यापासून मी तरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करू शकलेलो नाही.

चव पटली की मादी पोट खाली वळवते आणि एकच अंडं चिकटवते, बहुधा पानाच्या वरच्या बाजूला, कडेजवळ. कडेला असल्याने अळीला पहिला घास घ्यायला सोपं जातं. पॅपिलियो झुथसच्या अभ्यासात आणखी एक विलक्षण गोष्ट कळली. या फुलपाखरांच्या पोटाच्या टोकाशी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि अंडं घालायचा अवयव नीट बाहेर आला आहे की नाही हे मादी त्यांच्या मदतीने जोखते. एका पानावर एक अंडं घालून ती पुढे निघते. सगळी अंडी एका ठिकाणी घातली तर एखादा कोळी किंवा मुंग्यांची एक रांग सगळं कुटुंब संपवू शकते. शिवाय या अळ्या खादाड असतात. एका लहान झुडपावर बऱ्याच जणी जमल्या तर पानं पुरणार नाहीत.

विष्ठेचं सोंग आणि मग पानाचं

अंडं गोल, गुळगुळीत, मोहरीच्या दाण्याएवढं. सुरुवातीला हिरवट, नंतर नारिंगीकडे झुकणारं. काही दिवसांत अळी ते कुरतडून बाहेर येते आणि पुष्कळदा आधी स्वतःचं टरफलच खाते. मग पानाकडे वळते.

इथे एक शब्द नीट वापरायला हवा. आपण सरसकट 'सुरवंट' म्हणतो, पण सुरवंट म्हटलं की खाजरे केस डोळ्यांसमोर येतात. निलवंताची अळी तशी नाही. तिला हात लावला तर खाज येत नाही, पुरळ उठत नाही. तिची संरक्षणाची तऱ्हाच निराळी आहे.

पहिल्या चार अवस्थांत ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट-तपकिरी अंग, मध्ये पांढरट ओघळ, वरून ओलसर चकाकी. ती पानाच्या वरच्या बाजूला, भर उजेडात, न हलता बसते आणि तरी कुणी तिला खात नाही, कारण अळ्या शोधणारा पक्षी स्वतःच्या विष्ठेकडे अन्न म्हणून पाहत नाही. आमच्या गॅलरीतल्या लिंबावर अशी अळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओल्या फडक्याने पुसायला गेलो होतो. फडकं टेकलं आणि 'घाण' हलली. पक्ष्यांनाही असंच फसवलं जात असणार, हे त्या क्षणी पटलं.

पण हे सोंग आयुष्यभर चालत नाही. अळीला वाढायचं असतं आणि तिची कातडी ताणत नाही, म्हणून ती ठरावीक काळाने कात टाकते. एकूण पाच अवस्था. पाचव्या अवस्थेत ती बोटाएवढी होते आणि एवढी मोठी विष्ठा टाकणारा लहान पक्षी नसतो. जुनं सोंग आता संशय वाढवणारं ठरलं असतं. म्हणून चौथी कात टाकून अळी बाहेर येते ती एकदम हिरवीगार, जणू दुसराच प्राणी. अंगावर तिरके फिकट-तपकिरी पट्टे असतात. त्यांनी तिच्या लांबट आकाराची सलग रेघ तुटते आणि पानांच्या गर्दीत ती हरवून जाते.

हे रूपांतर योग्य वेळी कसं होतं? याचाही उलगडा जपानमध्ये पॅपिलियो झुथसवर झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकांच्या शरीरात ज्युव्हेनाइल हॉर्मोन नावाचं संप्रेरक असतं. सोप्या शब्दांत त्याचा निरोप असा: 'अजून लहानच राहा.' चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला याचं प्रमाण घसरतं आणि त्या घसरणीमुळे पुढच्या कातडीचा हिरवा नमुना ठरतो. संशोधकांनी त्या नेमक्या काळात अळीला हे संप्रेरक बाहेरून दिलं तेव्हा पाचवी अवस्था आली तरी अळीवर विष्ठेचीच नक्षी राहिली. वेशांतराचा निर्णय असा एक अवस्था आधीच, आतल्या आत झालेला असतो.

हिरव्या अळीच्या पुढच्या फुगीर भागावर दोन 'डोळे' दिसतात आणि त्यांना जोडणारा एक पट्टा. हे डोळे खोटे. खरं डोकं लहान असतं आणि त्या फुगवट्याखाली दडलेलं असतं. अळीला डिवचलं की ती पुढचा भाग आणखी फुगवते आणि लहानशा सापाने तोंड वर करावं तसा भास होतो. एवढ्याने शत्रू हटला नाही तर तिचं शेवटचं शस्त्र निघतं. डोक्यामागच्या फटीतून सापाच्या जिभेसारखा दुभंगलेला, मऊ, ओला अवयव झटकन बाहेर येतो. याला ऑस्मेटेरियम म्हणतात. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने तो उलटून बाहेर पडतो, हातमोज्याचं आत गेलेलं बोट फुंकर मारून बाहेर काढावं तसा. सोबत उग्र वास सुटतो.

या वासातही वयानुसार फरक असतो. पॅपिलियो गणातल्या अनेक जातींत लहान अळीच्या वासात टर्पीन गटातली रसायनं जास्त असतात. शेवटच्या अवस्थेत त्यांची जागा आयसोब्युटिरिक आम्ल आणि त्याच्या जातभाई आम्लांनी घेतलेली असते, ज्यांचा वास खवट झालेल्या लोण्यासारखा आंबूस येतो. मुंग्यांसारख्या छोट्या शत्रूंवर हा उपाय चांगला चालतो. पक्ष्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही, तिथे सोंगच कामी येतं.

अळीच्या शत्रूंमध्ये सर्वांत भीतीदायक मला परजीवी माश्या आणि गांधीलमाशीच्या कुळातले बारीक कीटक वाटतात. त्यांना फसवणं अवघड, कारण ते नजरेपेक्षा वासावर शोध घेतात. त्यातले काही तर अंड्यातच आपलं अंडं घालतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस अळीऐवजी भलताच जीव बाहेर पडतो. एका मादीच्या साऱ्या अंड्यांपैकी मोजकीच फुलपाखरं होतात त्यामागे अशी अनेक संकटं असतात. हेच कीटक नसते तर अळ्यांनी लिंबाची पानं शिल्लक ठेवली नसती, हेही तितकंच खरं.

कोशात काय होतं

पोटभर खाऊन झालं की अळी अस्वस्थ होते. खाणं थांबवते, पोटातलं उरलंसुरलं बाहेर टाकते आणि जागा शोधत भटकू लागते. जागा सापडली की रेशमाची गादी विणून शेपटीकडचं टोक तिथे अडकवते. मग स्वतःच्या पाठीमागून रेशमाचा एक धागा घेते आणि त्यावर रेलते. माडावर चढणारा कमरेला दोर लावून मागे टेकतो ना, अगदी तसं. शेवटची कात गळते आणि आत कोश असतो.

कोश हिरवा होतो किंवा तपकिरी, आणि तो भोवतालाशी मिळताजुळता असतो. अळी डोळ्यांनी रंग पाहून तो जुळवत असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पॅपिलियोच्या काही जातींवरच्या प्रयोगांत वेगळंच निघालं. तिथे स्पर्शाला मोठं महत्त्व आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर बसलेल्या अळीचा कोश हिरवा होण्याकडे कल असतो आणि खरबरीत पृष्ठभागावर तपकिरी होण्याकडे. कोवळी फांदी गुळगुळीत असते, जून साल खरबरीत. त्यामुळे अंधारातसुद्धा अंदाज बरोबर येतो.

कोशात अळी पूर्ण विरघळते आणि त्या रसातून फुलपाखरू घडतं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धसत्य आहे. स्नायूंचा, आतड्याचा बराच भाग मोडतो हे खरं. पण पंखांची सुरुवात कोशात होत नाही. पंखांच्या चकत्या अळीच्या अंगात आधीपासून घडी घालून ठेवलेल्या असतात. मज्जासंस्थाही नव्याने बांधली जाते, पुसली जात नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका पतंगावर झालेल्या प्रयोगात अळीला एक विशिष्ट वास टाळायला शिकवलं होतं आणि पतंग झाल्यावरही त्यातल्या अनेकांनी तो टाळला. फक्त शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचीच आठवण टिकली, त्याआधी शिकलेल्यांची नाही. निलवंतावर असा प्रयोग झाल्याचं माझ्या वाचनात नाही, पण कोशाकडे पाहताना मला तो हमखास आठवतो.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण एक ते दीड महिना जातो, हवामानाप्रमाणे कमी-जास्त. बाहेर पडण्याच्या आधी कोशाचं आवरण पारदर्शक झाल्यासारखं होतं आणि आतले काळे पंख दिसू लागतात. बहुधा सकाळी आवरण फाटतं. बाहेर येणाऱ्या निलवंताचे पंख चुरगळलेल्या कापडासारखे, ओले आणि आखूड असतात. तो वर चढून उलटा लोंबतो आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतो. पंख हळूहळू उलगडत जातात. सोंडेचे दोन अर्धे वेगळे आलेले असतात, ते जुळवून तो एक नळी करतो. या वेळी त्याला मदत म्हणून हात लावायचा मोह आवरावा लागतो. ओल्या पंखाला पडलेली घडी पुढे सुटत नाही.

फुलावरचे थोडे दिवस

यापुढचं आयुष्य काही आठवड्यांचं. आपल्याला दिसतो तो निलवंत या आठवड्यांतला. तो वेगाने, वळणं घेत उडतो. जंगलातली वाट, ओढ्याचं पात्र, झाडीतली मोकळी फट हे त्याचे ठरलेले मार्ग. सोंड लांब असल्याने भूतकेस, एक्झोरा, पॅगोडा, जाई अशा लांब नळीच्या फुलांतला मध त्याला घेता येतो. मध घेतानाही पुढचे पंख फडफडतच राहतात, पाय फुलाला जेमतेम टेकलेले असतात. म्हणूनच त्याचा स्थिर फोटो मिळवताना छायाचित्रकारांचा घाम निघतो. पॅगोडाच्या फुलातून लांब बाहेर आलेले पुंकेसर या वेळी त्याच्या पंखांना घासतात आणि परागकण पुढच्या फुलाकडे जातात.

ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर काही वेळा नर बसलेले दिसतात. याला चिखलपान म्हणतात. तिथे ते तहान भागवायला आलेले नसतात. पानांत आणि मधात सोडियम फार कमी असतं आणि ते या ओलाव्यातून मिळतं. नर भरपूर पाणी शोषतो, क्षार ठेवून घेतो आणि पाणी मागच्या बाजूने थेंबाथेंबाने टाकून देतो. अनेक फुलपाखरं-पतंगांत मिलनाच्या वेळी नर हे क्षार मादीला देतो आणि ते तिच्या अंड्यांपर्यंत पोचतात. पानाने अळीला जे कमी दिलं त्याची थोडीशी भरपाई बाप असा चिखलातून करतो.

निलवंत जंगलातला असूनही शहरात कसा दिसतो, हे आता सांगायला फार शब्द लागणार नाहीत. आपण लिंबू आणि पपनस लावतो. अळीच्या दृष्टीने ती माकडलिंबाची नातलगच आहेत. सावली देणारी झाडी, थोडी लांब नळीची फुलं आणि लिंबाच्या कुळातलं एक झुडूप जवळपास असलं की निलवंत मुंबईतही संसार मांडतो. बागेत नुसती रंगीबेरंगी फुलझाडं लावली तर तो येतो, मध पितो आणि निघून जातो. लिंबाची एक कुंडी ठेवली तर तो राहू शकतो. मात्र त्या कुंडीवर कीटकनाशक फवारलं की सगळं तिथेच संपतं. पानं कुरतडलेली पाहून फवारा मारणारे आणि मग 'हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत' म्हणून हळहळणारे, दोन्ही मी एकाच घरात पाहिले आहेत. वाढलेलं झाड अळीने खाल्लेली पानं पुन्हा फोडतं. फळबागेतल्या कोवळ्या रोपांची गोष्ट वेगळी. तिथे पानं गेल्यावर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि त्याची चिंता रास्त आहे. पण घरच्या कुंडीतल्या चार पानांवर कुणाचा संसार अडत नाही.

जंगलाच्या बाबतीत माझी काळजी जास्त गंभीर आहे. मोठी झाडं उभी आहेत म्हणजे जंगल शाबूत आहे, असं आपण समजतो. त्यांच्याखालचा झुडुपांचा थर साफ झाला, वणव्यात जळला, चराईत संपला किंवा 'स्वच्छता' म्हणून छाटला गेला, तरी वरून पाहणाऱ्याला हिरवाई तेवढीच दिसते. फुलंही असतात. निलवंत कधी दुरून उडत येऊन दिसूनही जातो. पण अंडं घालायला पान नसतं. एखाद्या देवराईत शिरल्यावर पायाखालची झाडी इतकी दाट लागते की वाट काढावी लागते. तिथे माकडलिंबू, किरमिरा मोकळेपणी वाढतात आणि झाडीतून अडखळत उडणाऱ्या माद्याही तिथेच दिसतात.

घरी लिंबाची कुंडी असेल तर सप्टेंबरच्या सुमारास सकाळी एकदा शेंड्याकडची कोवळी पानं तपासा. कडेजवळ एखादा हिरवट गोल मणी चिकटलेला दिसला तर पान तोडू नका. तो मणी कॉमन मॉर्मनचा असेल, लेमन बटरफ्लायचा असेल किंवा निलवंताचाही असेल. सुरुवातीला तिघांच्या अळ्या सारख्याच, विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून ओळख पटायला थोडे आठवडे जाऊ द्यावे लागतात. चौथी कात टाकून अळी हिरवी झाली, बाकीच्यांपेक्षा ठळक मोठी वाटली आणि अंगावर निळसर झाक दिसली, तर शेजाऱ्यांनाही बोलवा.